फाशी झाली

माझे वडील सत्र न्यायालयात लघुलेखक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. न्यायाधीश इंग्रजीत निकाल सांगत, अण्णा तो लघुलिपीत उतरवून घेत आणि मग चार-पाच कार्बन घालून टंकलेखन यंत्रावर त्याच्या प्रती काढत. न्यायालयाविषयी ते घरी फारसे बोलत नसत. बोललेच तर कोणत्या वकिलाने आज कशी फजिती करून घेतली, एवढेच. मी आठवीत असताना एका संध्याकाळी मात्र ते आले, दाराशी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "आज एकाला फाशी झाली." त्या रात्री ते जेवले नाहीत असे लिहिले तर प्रसंगाला शोभून दिसेल, पण ते खरे नाही. ते जेवले. वांग्याची भाजी होती आणि त्यांनी ती मागून घेतली.

पुढे मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, आणि बहुधा त्यामुळेच अण्णांचे ते वाक्य क्रियापदासकट माझ्या लक्षात राहिले. कावीळ होते, बदली होते, उशीर होतो, तशी फाशीही होते. 'होणे' या क्रियापदाची सोय अशी, की ज्याला काही झाले तो वाक्यात दिसतो आणि ज्याने केले तो दिसत नाही. वर्तमानपत्रेही 'फाशी सुनावली', 'फाशी कायम', 'फाशीवर शिक्कामोर्तब' असेच लिहितात. सुनावणारा कोण, कायम करणारा कोण, हे शोधायला बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जावे लागते. याउलट ज्यांना आपण हुतात्मे मानतो त्यांना फाशी होत नाही. ते फासावर जातात, फासावर चढतात. तिथे मरणारा माणूसच वाक्याचा कर्ता असतो. एकाच तुरुंगात, एकाच पद्धतीच्या दोराने आलेल्या दोन मृत्यूंसाठी भाषेने दोन वेगळी व्याकरणे करून ठेवली आहेत, आणि दोन्हींत दोर ओढणारा माणूस गायब आहे.

आम्ही सोलापूरचे असल्यामुळे हे दुसरे व्याकरण आम्हाला पाळण्यात असल्यापासून येते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावे सोलापूरच्या मुलाला पाढ्यांबरोबर पाठ होतात. १९३० च्या मे महिन्यात शहरात चळवळ पेटली, सरकारने लष्करी कायदा लावला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांच्यावर आरोप होता तो मंगळवार पेठ चौकीतील दोन पोलिसांच्या खुनाचा. हा आरोप खरा मानणारा सोलापूरकर मला आजवर भेटलेला नाही. सरकार साक्षीदार उभे करू शकते, ज्याला अडकवायचे ठरले आहे त्याच्या गळ्यात गुन्हा घालू शकते आणि वर त्याला न्यायालयाचा शिक्काही मिळवू शकते, हे आमच्या गावाला पक्के ठाऊक आहे. फक्त हे ज्ञान आम्ही १९३१ साठी राखून ठेवले आहे. त्याच हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून कुणाला तरी फाशी द्या म्हणणारे मोर्चे जाताना मी पाहिले आहेत, आणि त्या मोर्चांतल्या एखाद्याला तरी त्या चौघांची आठवण झाली असेल असे मला त्यांच्या घोषणांवरून वाटले नाही.

तरीही फाशीला माझा विरोध तिथून सुरू झालेला नाही. त्याची सुरुवात झाली ती जिथे निरपराधपणाचा प्रश्नच नव्हता अशा प्रकरणातून. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले, ज्यांना आपण जोशी-अभ्यंकर खून म्हणून ओळखतो. खून करणारे टिळक रस्त्यावरच्या कलामहाविद्यालयात शिकणारे तरुण होते. त्या काळात पुण्यातल्या नातेवाइकांकडे गेलो की संध्याकाळी सातला दारेखिडक्या बंद होत, आणि मोठी माणसे बेल वाजली की एकमेकांकडे पाहत. नोव्हेंबर १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी दिल्याची बातमी आमच्या वाड्यात मोठ्याने वाचली गेली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "सुटलं एकदाचं पुणं." मीही सुटल्यासारखा श्वास सोडला. आजही ते चौघे निर्दोष होते असे मी म्हणणार नाही, कारण ते नव्हते. आणि त्यांच्याविषयी मला फार कणव वाटते असे म्हणालो तर तेही खोटे होईल.

मला अडवले ते एका छोट्या गोष्टीने. टोळीतला आणखी एकजण माफीचा साक्षीदार झाला होता. लहानपणी मला या शब्दाचा अर्थ कळत नव्हता. अण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "सरकारला पुरावा हवा असतो. जो देतो त्याला सरकार माफ करतं." मी विचारले, "त्यानं काहीच केलं नव्हतं?" अण्णा म्हणाले, "केलं असणारच. काही केलं नसतं तर माफी कशाची?" वर्षानुवर्षे मनात घोळलेले हे साधे उत्तर आजही माझ्या विरोधाच्या तळाशी आहे. फाशीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की काही गुन्हे असे असतात की त्यांना माफी नाही. पण सरकार माफी देते. अत्यंत हिडीस गुन्ह्यातही देते, आणि बदल्यात त्याला पश्चात्ताप नको असतो. साक्ष हवी असते. मग ज्याला फाशी दिली तो माफीच्या पलीकडचा होता म्हणून मेला, की त्याच्याकडे सरकारला विकण्यासारखे काही उरले नव्हते म्हणून?

पुण्यातच ऑगस्ट १९९४ मध्ये पौड रस्त्यावरच्या एका घरात सात जणांची हत्या झाली. मृतांत एक गरोदर स्त्री होती, दोन मुले होती. त्याही खटल्यात एकजण माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. (पाहा, मीही 'झाली' असेच लिहिले.) २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या दोघांपैकी एकाची शिक्षा पुढे राष्ट्रपतींनी सौम्य केली. दुसरा तुरुंगात शिकत राहिला आणि घटनेच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, असे सांगत राहिला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीख ग्राह्य धरली. गुन्हा घडला तेव्हा तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढला होता, आणि त्यातली कितीतरी वर्षे फाशीचा कैदी म्हणून. साडेबारा वर्षे म्हणजे सातवी. मी सातवीचा वर्ग अनेक वर्षे सांभाळला आहे, त्यामुळे ही बातमी वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर न्यायालय आले नाही, हजेरीपट आला. त्या मुलाचे वय शाळेच्या एका नोंदवहीत सगळा वेळ लिहिलेले होते.

नाशिकजवळ बेलतगव्हाण शिवारात जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला आणि घरातल्या स्त्री व मुलीवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना त्यात आरोपी करण्यात आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. गंमत म्हणायची तर अशी, की ज्या १९९६ च्या निवाड्याचा तिथे आधार होता तो निवाडाच चुकीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने अवघ्या दोन आठवड्यांत म्हटले. कारण त्यात फक्त गुन्हा पाहिला होता, गुन्हेगाराची परिस्थिती पाहिलीच नव्हती. तोवर त्या जुन्या चुकीपायी राजस्थानातल्या दोघांना प्रत्यक्ष फाशी देऊन बारा-तेरा वर्षे लोटली होती. आणि ५ मार्च २०१९ रोजी नाशिकच्या प्रकरणातले ते सहाही जण निर्दोष ठरले. सोळा वर्षांबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये. त्यांच्यातला एकजण घटनेच्या वेळी अठराचाही नव्हता.

या प्रकरणाविषयी बोलताना आपण त्या सहा जणांपाशी थांबतो. मला अस्वस्थ करते ती त्या हल्ल्यातून वाचलेली आई. तिने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांवर खटला चालला नाही. वर्षानुवर्षे तिला सांगण्यात आले की न्याय मिळाला आहे, सर्वोच्च पातळीवर मिळाला आहे, आणि सोळा वर्षांनी कळले की खरे गुन्हेगार कधी पकडलेच गेले नव्हते. फाशीला विरोध करणाऱ्यांना पीडितांची पर्वा नसते, हा आरोप मी पुष्कळदा ऐकला आहे. त्या आईचे काय झाले, हा प्रश्न आरोप करणाऱ्यांपैकी कुणी मला अजून विचारलेला नाही.

इथवर आल्यावर माझे मित्र म्हणतात, की मग फक्त पुरावा पक्का असेल तेव्हाच द्या. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने अशीच एक मर्यादा घातली: दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच फाशी. हे शब्द ऐकायला तोलून मापून घेतल्यासारखे वाटतात. पण त्याच सुमाराचे उत्तर प्रदेशातले एक प्रकरण आहे. चार खुनांसाठी तिघांना सारखीच शिक्षा झाली होती आणि तिघांचा वाटाही सारखाच होता. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. दुसऱ्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी दिली गेली. तिसऱ्याच्या अर्जाच्या वेळी पहिल्या दोघांचे काय झाले ते न्यायालयाच्या लक्षात आले आणि त्याचा जीव वाचला. दुर्मिळ काय होते, तर कोणते पीठ आणि कोणती तारीख वाट्याला आली एवढेच. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली ती गुन्हा कमी भयंकर होता म्हणून नव्हे, तर दयेच्या अर्जाची फाइल पावणेआठ वर्षांहून अधिक काळ कारणाशिवाय रेंगाळली म्हणून. मला त्या निकालाचा आनंद झाला, पण ज्या व्यवस्थेत कारकुनाच्या दिरंगाईवर माणसाचा जीव वाचतो, तिथे कारकुनाच्या तत्परतेवर तो जातही असणार.

हे सगळे चुकांविषयी झाले, आणि चुका दुरुस्त करता येतात असे मानणारा माणूस इथेही मला सोडून जाऊ शकतो. म्हणून मी पुन्हा पुण्याच्या त्या चौघांकडे येतो, ज्यांच्या बाबतीत चूक नव्हती. १९७७ मध्ये पकडले गेलेले ते तरुण १९८३ मध्ये मेले. मधल्या वर्षांत त्यांच्यातल्या एकाने तुरुंगात आपले आत्मकथन लिहिले. त्यात किती खरेपणा होता हे मी ठरवणार नाही. पण ज्या दिवशी त्याला चौथऱ्यावर नेले त्या दिवशी तो कुणाच्याही गळ्याशी दोरी घेऊन उभा नव्हता. त्याचे हात बांधलेले होते. त्याआधी त्याला जेवण दिले गेले असेल, ताप आला असेल तर औषध दिले गेले असेल, कारण फाशीचा कैदी फाशीपर्यंत जगवावा लागतो. त्याचे वजन करतात, वजनावरून दोराची लांबी काढतात, वाळूचे पोते लटकवून दोर तपासतात. डॉक्टर हजर असतात, दंडाधिकारी हजर असतात, आणि सगळे संपल्यावर कागदावर सह्या होतात. रागाच्या भरात खून होतो तेव्हा निदान राग असतो. इथे कुणालाही राग नसतो; ज्याचा त्या माणसाशी काही संबंध नाही अशा पंधरा-वीस नोकरदारांनी ठरलेल्या वेळी शांतपणे आपापले काम करायचे असते. मी ज्याला विरोध करतो ते हे आहे. समोरचा माणूस कितीही नीच असला तरी ही कृती त्याची नाही, आपली आहे.

जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला तेव्हा माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी शिक्षकखोलीत मला विचारले, "सर, तुमच्या मुलीचं असं झालं असतं तर?" त्या वेळी माझी मुलगी जवळपास त्याच वयाची होती. मी त्यांना म्हणालो, की मी त्याला माझ्या हाताने मारायला धावलो असतो. त्या म्हणाल्या, "मग?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आज सुचते ते असे, की माझ्या त्या धावण्याला मी चूक म्हणणार नाही, पण मला न्यायाधीशाच्या खुर्चीत कुणी बसवणार नाही याचाच मला आधार वाटतो. आणि दुसरे असे, की ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचारानंतर बदलापूरच्या रेल्वे रुळांवर उतरलेल्या गर्दीने फाशीची मागणी केली, महिनाभरानंतर आरोपी खटल्याआधीच पोलिसांच्या गोळीने मेला, आणि पुष्कळांना मागणी पूर्ण झाल्यासारखे वाटले. तेव्हा मला कळले की आपण फाशी म्हणतो तेव्हा आपल्याला खटलासुद्धा नको असतो.

न्यायाचा विषय निघाला की मराठी माणूस रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतो, आणि घ्यावेच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा खुद्द राघोबादादांना शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. या कथेतला एक शब्द मला नेहमी थांबवतो. शास्त्री शिक्षा म्हणत नाहीत, प्रायश्चित्त म्हणतात. शिक्षा दुसरा देतो. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. आणि सांगितले ते राज्यातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला, तेही तोंडावर. राघोबादादांनी ते घेतले नाही. पुढे दहा वर्षांनी ते कोपरगावला आजाराने वारले. आपल्या न्यायाचे सर्वोच्च शिखर म्हणून आपण जी गोष्ट मुलांना सांगतो, तिच्यात कुणाच्याही गळ्यात दोर पडत नाही. आजच्या फाशीच्या कोठडीत मात्र बलाढ्य माणूस शोधून सापडणार नाही. तिथे असतात ते बहुतांशी ज्यांना सत्र न्यायालयात चांगला वकील परवडला नाही असे लोक.

३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या शिक्षेवरील अपिलाची चर्चा चालू असताना डॉ. आंबेडकर म्हणाले होते, की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे. माझ्या घरात त्यांचे छायाचित्र आहे; ज्यांच्या घरी ते आहे अशा पुष्कळांशी मी या विषयावर वाद घातला आहे, आणि हे वाक्य सांगितल्यावर बहुतेकजण क्षणभर गप्प होतात आणि मग पुन्हा वाद सुरू करतात.

अण्णांशी मी हा वाद कधी घातला नाही. ते फाशीच्या बाजूचे होते की विरोधातले, हे मला शेवटपर्यंत नीट कळले नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते तेव्हा, मी त्यांना त्या संध्याकाळविषयी विचारले. सही केल्यावर न्यायाधीश निब मोडतात हे खरे का, असेही विचारले. ते म्हणाले, "साहेबांनी पेन टेबलावर दाबलं. निब वाकलं. नंतर शिपायानं ते सरळ करून परत खणात ठेवलं, चांगलं पेन होतं." खटल्याचा क्रमांक त्यांनी सालासकट सांगितला. आरोपीचे नाव त्यांना आठवेना. पुढे उच्च न्यायालयात काय झाले, तेही त्यांना माहीत नव्हते. फाइल वर गेली की ती त्यांची राहत नसे.

मग बराच वेळ गेल्यावर ते आपण होऊन बोलले. निकाल इंग्रजीत सांगितला गेला होता. आरोपीची आई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती आणि आत काय झाले ते तिला कुणी सांगितले नव्हते. अण्णा वही घेऊन बाहेर पडले तेव्हा ती उठून त्यांच्या आडवी आली. "साहेब, काय झालं माझ्या पोराचं?" अण्णा म्हणाले, "फाशी झाली." तिने मान डोलावली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारले, "म्हंजी किती वर्सं?"

मी अण्णांना विचारले, की मग तुम्ही काय सांगितले.

"वकिलांना विचारा म्हणालो," ते म्हणाले. "पाच प्रती काढायच्या होत्या."